तांबेऱ्याला न जुमानणारे पाइन

गव्हावर पडणारा तांबेरा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पानावर नारिंगी-तांबूस पुटकुळ्या येतात आणि त्यांवरून बोट फिरवले की गंजासारखी भुकटी बोटाला लागते. ही भुकटी म्हणजे एका कवकाचे बीजाणू. शेतकरी त्यावर फार काथ्याकूट करीत बसत नाही. तांबेऱ्याला दाद न देणारे वाण आणून पेरतो. काही वर्षांनी त्या वाणालाही रोग लागू लागला, तर कृषी संशोधक दुसरे वाण पुढे करतात. गहू हे चार महिन्यांचे पीक असल्यामुळे हे जमून जाते.

पण समजा, असाच तांबेरा तीनशे-चारशे वर्षे जगणाऱ्या झाडाला लागला, तेही एखाद्या बागेत नव्हे, तर डोंगरच्या डोंगर व्यापणाऱ्या अरण्यात, तर? दरवर्षी नवे वाण पेरता येणार नाही. औषध फवारणार तरी किती आणि कुठे? उत्तर अमेरिकेतील वनशास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न गेली शंभरांहून अधिक वर्षे उभा आहे. रोगाचे नाव ‘व्हाइट पाइन ब्लिस्टर रस्ट’. आपण त्याला फोड-तांबेरा म्हणू.

पाइनची पाने सुयांसारखी असतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. या सुया सुट्या येत नाहीत, त्यांचे लहान लहान जुडगे असतात. कधी हिमालयात सहलीला गेलात, तर खाली पडलेला एखादा जुडगा उचलून सुया मोजा. चीडच्या जुडग्यात तीन भरतील, कैलच्या जुडग्यात पाच. फोड-तांबेऱ्याला हवे असतात ते हे पाच सुयांचे पाइन. अमेरिकेच्या पश्चिम भागात त्यांच्या अनेक जाती आहेत. ‘वेस्टर्न व्हाइट पाइन’ हा आयडाहो राज्याचा राज्यवृक्ष. त्याचे लाकूड इतके सरळ रेषांचे आणि मऊ, की एके काळी त्याच्या आगकाड्या करीत. ‘शुगर पाइन’ हा जगातील सर्व पाइनांत उंच. त्याचे शंकूफळ तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब भरते. आणि ‘व्हाइटबार्क पाइन’ पर्वतांच्या माथ्यावर, जिथे इतर झाडे हार खातात तिथे वाऱ्या-बर्फात वाकडातिकडा उभा असतो. या तिघांची गोष्ट पुढे येणार आहे.

दोन घरचा पाहुणा

या रोगाचे कवक, ‘क्रोनार्शियम रिबिकोला’, एकाच वनस्पतीवर आपले सारे आयुष्य काढीत नाही. त्याला दोन घरे लागतात. एक पाच सुयांचा पाइन आणि दुसरे प्रामुख्याने ‘रायबीस’ वंशातील झुडपे, म्हणजे थंड प्रदेशांतील करंट आणि गूजबेरी. (आपल्या बाजारात केप गूजबेरी म्हणून जे पिवळे फळ मिळते ते टोमॅटोच्या कुळातले. त्याचा येथे काही संबंध नाही.)

उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरदात, हवा थंड आणि अगदी दमट असताना, रायबीसच्या पानांवरून अतिशय नाजूक बीजाणू सुटतात. ते पाइनच्या सुईवर पडले, की सुईच्या पर्णरंध्रातून कवकाचा धागा आत शिरतो. तो सुईतून हळूहळू खाली उतरत फांदीच्या सालीत येतो. दोन-तीन वर्षे तो तेथे मुक्काम करतो. मग एका वसंतात साल फुगते, तिच्यावर पांढरट फोड येतात, फोड फुटतात आणि नारिंगी बीजाणूंची धूळ वाऱ्यावर उडू लागते. या बीजाणूंची गंमत अशी, की ते दुसऱ्या पाइनला मुळीच रोग लावू शकत नाहीत. त्यांना रायबीसच हवे. मात्र ते टणक असतात आणि वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात. रायबीसच्या पानांवर उन्हाळाभर त्यांची वाढ आणि पुन्हा वाढ होते आणि शरदात पुन्हा पाइनकडे जाणारे नाजूक बीजाणू तयार होतात. हे मात्र फार लांब जाऊ शकत नाहीत. साधारणपणे काहीशे मीटर गेले की ऊन-वाऱ्याने मरतात.

रायबीसला या पाहुण्याचा विशेष त्रास नाही. पाने थोडी लवकर गळतात इतकेच. पाइनचे मात्र तसे नाही. सालीतले कवक फांदीवरून खोडाकडे सरकते आणि खोडाला वेढा घालते. तिथून वरचा भाग उपासमारीने वाळतो. लहान रोप दोन-चार वर्षांत मरते. मोठे झाड शेंड्याकडून सुकत जाते आणि अनेक वर्षे मरत राहते.

पाहुणा आला कसा?

हे कवक मूळचे आशियातले. तेथील पाइन आणि ते हजारो वर्षे शेजारी राहिले आहेत, म्हणून तेथील बहुतेक पाइन त्याला बऱ्यापैकी तोंड देतात. आपला हिमालयातला कैलही त्यांपैकीच एक. पुढे युरोपीय लोकांनी अठराव्या शतकात अमेरिकेतील ईस्टर्न व्हाइट पाइन हौसेने आपल्याकडे नेऊन लावला. आशियातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कवकाला हे नवे, बेसावध झाड आयते सापडले. १८५० नंतरच्या दशकात बाल्टिक समुद्राकाठच्या प्रांतांत ते प्रथम नोंदले गेले आणि शतक संपेपर्यंत युरोपभर झाले.

यानंतर जे घडले ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. अमेरिकेत वृक्षतोड अतोनात झाली होती आणि नव्याने जंगले लावायची होती. रोपे कुठे स्वस्त मिळतात? तर युरोपातील रोपवाटिकांत. म्हणजे अमेरिकेचेच झाड युरोपात वाढवून अमेरिकेला परत विकले गेले आणि येताना रोग घेऊन आले. १९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जिनीव्हा येथे करंटवर आणि १९०९ मध्ये जर्मनीहून आलेल्या पाइन रोपांवर हा तांबेरा सापडला. पश्चिम किनाऱ्यावर तो १९१० साली फ्रान्समधून आलेल्या रोपांबरोबर कॅनडातील व्हँकूव्हर येथे उतरला. तेथे तो लक्षात आला १९२१ मध्ये. १९१२ साली अमेरिकेने वनस्पतींच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा केला, पण तोपर्यंत कवक आत येऊन बसले होते.

पहिला उपाय अगदी तर्कशुद्ध होता. कवकाला दोन घरे लागतात ना? मग एक घर मोडून टाका! करंट-गूजबेरीच्या लागवडीवर बंदी आली आणि जंगलांतील रायबीस उपटण्याची मोहीम सुरू झाली. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात हजारो बेकार तरुण दोऱ्या बांधून पट्टे आखीत आणि त्या पट्ट्यांतले एकेक झुडूप खणून काढीत. पूर्वेकडे याचा थोडाफार उपयोग झाला. पश्चिमेकडच्या डोंगरांत मात्र ही लढाई हरलेलीच होती. मुळाचा तुकडा राहिला तरी रायबीस पुन्हा फुटते आणि त्याचे बी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. नंतर कवकनाशक प्रतिजैविके झाडांवर फवारून पाहिली, तीही निरुपयोगी ठरली. १९६० नंतरच्या दशकात हा सारा खटाटोप जवळजवळ सोडून देण्यात आला. कवकाच्या जोडीला वृक्षतोड आणि साल पोखरणारे भुंगेही होतेच. या सर्वांनी मिळून वेस्टर्न व्हाइट पाइनच्या अरण्यांचा एक दशांश भागही पूर्वीसारखा ठेवला नाही.

मेलेल्या रानातली हिरवी झाडे

पण या मेलेल्या रानांत फिरणाऱ्या लोकांना एक गोष्ट दिसत होती. चहूकडे वाळके सांगाडे, आणि मध्येच एखादे झाड हिरवेगार! त्याच्या सालीवर एकही फोड नाही.

येथे थोडे थांबू, कारण या ठिकाणी बहुतेकांची समजूत चुकते. आपण सहज म्हणून जातो, की रोग आला म्हणून झाडाने प्रतिकारशक्ती ‘निर्माण केली’. तसे नाही. देवी किंवा गोवर होऊन गेल्यावर माणसाच्या अंगी जी प्रतिकारशक्ती येते, तसली सोय झाडांत नाही. हे हिरवे झाड बीजातून उगवले तेव्हाच त्याच्या पेशींत ती शक्ती देणारी जनुके होती. कदाचित कवक या खंडावर उतरण्यापूर्वी शेकडो वर्षे ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असतील आणि त्यांचा काही उपयोग आहे हे कोणाला कळले नसेल. रोगाने ती निर्माण केली नाहीत. ज्यांच्याजवळ ती नव्हती त्यांना रोगाने मारले, म्हणून ज्यांच्याजवळ होती ती उठून दिसू लागली. चाळणीतून पीठ गेल्यावर वर कोंडा दिसतो. पण तो काही चाळणीने तयार केलेला नसतो.

अर्थात प्रत्येक हिरवे झाड प्रतिकारकच असेल असेही नाही. एखादे निव्वळ नशिबाने वाचलेले असते. हे ओळखायचे कसे? झाडाकडे पाहून नाही, तर त्याच्या मुलांकडे पाहून.

रिचर्ड बिंगहॅम या वनशास्त्रज्ञाने १९५० साली आयडाहोत हेच काम सुरू केले. रोगट रानांतली निरोगी झाडे हेरायची. त्यांच्या शेंड्यापर्यंत चढायचे. मादी-शंकूंवर पिशव्या बांधायच्या, म्हणजे भलतेच परागकण पडणार नाहीत. मग दुसऱ्या निवडक झाडाचे परागकण आणून पिशवीत सोडायचे. एवढे करून बी लगेच मिळत नाही. पाइनचे शंकूफळ पक्व व्हायला परागणानंतर दुसऱ्या वर्षाची अखेर उजाडते. त्या बियांची रोपे करायची आणि ती मुद्दाम रोगाच्या तोंडी द्यायची. ज्या झाडांची रोपे तगली ती खरी प्रतिकारक. बिंगहॅम यांच्या पहिल्या निवडीत सुमारे चारशे झाडे होती. त्यांतली साधारण पाव झाडेच हा गुण संततीला नीट देऊ शकली. अशा निवडक झाडांपासून मॉस्को येथे (हे मॉस्को रशियातले नव्हे, आयडाहोतले) बीजबाग उभी राहिली. तिच्यातील दुसऱ्या पिढीची सुमारे दोन तृतीयांश रोपे रोपवाटिकेतल्या चाचणीत वाचली. जंगलात लावल्यावर, जेथे रोगाचा जोर फार, तेथे हे प्रमाण खाली आले. तरीही साध्या बियांच्या रोपांपेक्षा ती पुष्कळच सरस ठरली.

शुगर पाइनचे गणित

शुगर पाइनच्या बाबतीत तर एक सुबक गोष्ट हाती आली. १९७० साली बोहुन किनलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की काही शुगर पाइनांतील प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. मेंडेलच्या वाटाण्याचे गणित ज्याला येते त्याला हे सहज समजेल.

प्रतिकार देणाऱ्या जनुकाला ‘प्र’ म्हणू आणि न देणाऱ्याला ‘अ’. प्रत्येक झाडात या जनुकाच्या दोन प्रती असतात. ‘प्र’ प्रभावी असल्याने ‘प्रअ’ झाडही निरोगी राहते. आता रानात ‘प्र’ फार विरळ. ऑरेगनमधील कॅस्केड पर्वताच्या उत्तर भागात जवळजवळ नाहीच, आणि दक्षिणेकडे सिएरा नेवाडा पर्वताच्या टोकाला फार तर शेकडा आठ. म्हणजे वाऱ्यावर उडणारे बहुतेक परागकण ‘अ’ घेऊनच येणार. मग ‘प्रअ’ मातेच्या बियांपैकी निम्म्या ‘प्रअ’ आणि निम्म्या ‘अअ’ झाल्या पाहिजेत. रोगाच्या चाचणीत नेमके तसेच झाले: निम्मी रोपे वाचली, निम्मी रोगट झाली. त्याच झाडाचे परागकण त्याच झाडाला दिले तर काय प्रमाण येईल, ते तुम्हीच वहीत मांडून पाहा.

पाइनच्या बीमध्ये आणखी एक सोय आहे आणि ती तुम्हांला चिलगोज्यात पाहता येईल. चिलगोजा हे एका हिमालयी पाइनचेच बी. तो सोलून उभा चिरा. मधोमध बारीक काडीसारखा जो भाग दिसतो तो गर्भ. त्याला माता आणि पिता दोघांकडून जनुके मिळालेली असतात. भोवतालचा जो पांढरा गर आपण आवडीने खातो त्यात मात्र केवळ मातेच्या जनुकांची एकच प्रत असते. पित्याचा त्यात काही भाग नसतो. म्हणजे गर तपासला, की मातेने या बीला आपल्या दोन प्रतींपैकी कोणती दिली हे सरळ कळते. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी शुगर पाइनच्या बियांतील हाच गर वापरून ‘प्र’ जनुकाच्या अगदी शेजारी असलेल्या डीएनएच्या खुणा शोधून काढल्या. २०१६ साली शुगर पाइनचा संपूर्ण डीएनए वाचला गेला. त्यात सुमारे ३१ अब्ज अक्षरे भरली, माणसाच्या डीएनएच्या दहापट! उंच झाड म्हणून नव्हे हं. पाइनच्या डीएनएत पुनरावृत्ती फार असते.

हे जनुक करते तरी काय? कवक सुईत शिरताच त्याच्याभोवतीच्या पेशी चटकन मरून जातात. हे ऐकून नवल वाटेल. पण तांबेऱ्याचे कवक केवळ जिवंत पेशींवर जगते. भोवतालच्या पेशी मेल्या, की ते उपाशी मरते. सुईवर मृत पेशींचा एक लहानसा ठिपका उरतो आणि रोग तेथेच संपतो. गावाला आग लागली असता चार झोपड्या आपणच पाडून पुढची आळी वाचवावी, तसे हे.

एका जनुकाचा भरवसा किती?

आता वाटेल की प्रश्न सुटला. ‘प्र’वाली झाडे शोधा, त्यांचे बी पेरा, झाले! वनखात्यालाही काही काळ असे वाटले असल्यास नवल नाही. पण उत्तर कॅलिफोर्नियात हॅपी कॅम्प नावाच्या गावाजवळ प्रतिकारक शुगर पाइन लावले होते. १९७० नंतरच्या दशकात तेथील ‘प्र’ जनुक असलेल्या झाडांनाही रोग झाला. कवकाचा एक नवा वंश उदयाला आला होता.

याचे कारण जवसाच्या तांबेऱ्यावर एच. एच. फ्लॉर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात केलेल्या कामावरून समजते. झाडातील प्रतिकारक जनुक म्हणजे जणू एक पहारेकरी. तो चोराला ओळखतो, पण चेहऱ्यावरून नव्हे, तर डोक्यावरच्या तांबड्या पागोट्यावरून. कवकातील एका विशिष्ट जनुकाने तयार केलेला पदार्थ हे ते पागोटे. कवकाचे अब्जावधी बीजाणू दरवर्षी निपजतात. त्यांपैकी एखाद्यात सहज बदल होऊन पागोटे नाहीसे झाले, की पहारेकरी त्याला ओळखत नाही. मग सगळे रान ‘प्र’ झाडांचे असेल तर त्या एका कवकाला मोकळे रान मिळते! येथेही पुन्हा तीच चाळणी, फक्त या वेळी झाडांनी कवकाला चाळले.

हाच प्रकार कवकाच्या दुसऱ्या घरीही झाला. तांबेरा मुळीच न लागणारी काळ्या करंटची वाणे कॅनडात तयार झाली होती. तो प्रतिकारही एकाच जनुकाचा. २०११ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात अशा ‘सुरक्षित’ झुडपांवर तांबेरा आढळला.

गव्हाचे वाण असे हरले तर पुढल्या हंगामात दुसरे पेरता येते. पाइनच्या बाबतीत, लावलेले झाड चाळिसाव्या वर्षी हरले तर चाळीस वर्षे गेली. म्हणूनच पाइनचे संशोधक आज एका जोरकस जनुकापेक्षा अनेक लहानलहान गुणांच्या बेरजेवर अधिक भिस्त ठेवतात. एखाद्या झाडात सुईवरचे ठिपके मुळातच कमी पडतात. दुसऱ्यात रोगट सुई कवक फांदीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळते. तिसऱ्यात कवक सालीत येते, पण साल त्याच्याभोवती मृत पेशींचा बांध घालून त्याला कोंडते. चौथ्यात रोग होतो, पण इतका सावकाश की झाड त्याला सोबत घेऊन जगते. असे गुण अनेक जनुकांचे असतात. ते रोगाला पूर्ण रोखत नाहीत. पण कवकाला एका फटक्यात त्यांवर मात करता येणेही कठीण. कॅनडातील ओंटारिओ येथील संशोधकांनी याच हेतूने आपल्या कैलचा ईस्टर्न व्हाइट पाइनशी संकर करून पाहिला आहे.

हे गुण पारखण्याचे मोठे केंद्र ऑरेगनमध्ये डोरीना येथे आहे. ते १९६६ मध्ये सुरू झाले. तेथे रोपे एका थंड, धुक्याने भरलेल्या खोलीत मांडतात. वर जाळीवर तांबेरा लागलेली रायबीसची पाने पसरतात. पानांतून बीजाणूंचा पाऊस खाली रोपांवर पडतो. मग ती रोपे बाहेर नेऊन पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर नजर ठेवायची: ठिपके किती, सुया कधी गळल्या, सालीवर व्रण उठला का, उठला तर वाढला की थांबला. काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते टाळून चालत नाही. डीएनएची खूण एका जनुकाबद्दल सांगते. वीस जनुकांची बेरीज मात्र अजून रोपालाच विचारावी लागते.

आता राहिला पर्वतमाथ्यावरचा व्हाइटबार्क पाइन. त्याचे लाकूड व्यापाराच्या कामाचे नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष उशिरा गेले. त्याचे शंकूफळ आपोआप उघडत नाही. कावळ्याच्या कुळातला ‘क्लार्कचा नटक्रॅकर’ हा पक्षी चोचीने ते फोडतो आणि एका हंगामात हजारो बिया जमिनीत पुरून ठेवतो. त्यांतल्या ज्या खायच्या राहतात त्यांतून नवे पाइन उगवतात. खारींनी साठवलेल्या याच बियांवर ग्रिझ्ली अस्वले ताव मारतात. तांबेऱ्याने शेंडे वाळले, की शंकू कमी येतात. शंकू कमी झाले, की पक्षी तिकडे फिरकत नाही. पक्षी नाही तर पेरणी नाही. कॅनडाने २०१२ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये या वृक्षाला धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातले. तांबेऱ्याबरोबर भुंगे, वणवे आणि वाढते तापमान हीही त्याची कारणे.

त्याच्याही निवडक मातृवृक्षांचे बी डोरीना येथे पारखले जाते. बी मिळवायला उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडावर चढून कोवळ्या शंकूंना तारेचे पिंजरे बांधावे लागतात, नाहीतर पक्षी आधी हात मारून जातो! काही मातृवृक्षांची जवळजवळ सगळी रोपे चाचणीत मरतात, काहींची बरीचशी तगतात. तगणाऱ्यांच्या वंशातील रोपे २००९ पासून ऑरेगनमधील क्रेटर लेक राष्ट्रीय उद्यानात लावली जात आहेत. व्हाइटबार्क पाइनला पहिले शंकू धरायला वीस-तीस वर्षे लागतात आणि पक्ष्याला पुरतील इतके धरायला त्याहून पुष्कळ अधिक.